पोहरादेवीच्या वाटेवरचे तांडे आणि पहिली अक्षरे

वाशिमहून मंगरूळपीर मागे टाकून मानोऱ्याची वाट धरली की जमीन हळूहळू आपले रूप पालटते. काळी भारी जमीन कमी होत जाते आणि उताराची, मुरमाड, पावसाचा एक खंड पडला की मान टाकणारी राने सुरू होतात. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी, बांधावर पळस, टेकड्यांच्या अंगाला साग. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, मूळ गावापासून हाकेच्या अंतरावर किंवा एखाद्या टेकाडापलीकडे, तांडे. थांब्यावरच्या पाटीची भाषा एक आणि तिथे उतरणाऱ्या निम्म्या मंडळींची भाषा दुसरी, असा हा मुलूख आहे.

१ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. त्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाज तिला आपली काशी म्हणतो. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. रामनवमीला महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून माणसे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. इमारतीला नगाऱ्याचा आकार दिलेला आहे. यात्रेत एक गंमत पाहण्यासारखी असते. तेलंगणातला बंजारा आणि मानोऱ्याचा बंजारा शेजारी बसून खुशाल गप्पा मारतात, पण एकाने दुसऱ्याला चिठ्ठी लिहिली तर ती वाचता येईलच असे नाही. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. तेलंगणात ती तेलुगू अक्षरांत लिहितात, कर्नाटकात कन्नड अक्षरांत आणि आपल्याकडे देवनागरीत. २०११ च्या जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे देशात बत्तीस लाखांवर लोक होते, पण त्यांची गणना हिंदीच्या पोटात झालेली आहे.

पूर्वी हे लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत. त्या व्यापाराला लदेणी म्हणत. आगगाडी आली, सडका झाल्या आणि लदेणी बसली. तांडे जिथे थांबले तिथेच शेती करू लागले, आणि बहुतेकांच्या वाट्याला हलकी जमीनच आली. पुरुषांनी बाजाराची मराठी केव्हाच उचलली. बायकाही आता चांगली बोलतात. पण चूल, पाळणा, भांडण आणि गाणे अजून गोरबोलीतच चालते. होळीची लेंगी, सासरी जाणाऱ्या मुलीचा ढावलो, तीजेची गाणी, सगळे गोरबोलीत. तेव्हा सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते पोतेभर शब्द घेऊन येते. शाळेच्या दारात मात्र ते पोते बाहेर ठेवावे लागते.

कृषी खात्याच्या नोकरीत या तांड्यांवर माझ्या पुष्कळ फेऱ्या झाल्या. मृगाच्या आधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासून दाखवायची, बीजप्रक्रिया करून दाखवायची, ही आमची नेहमीची कामे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे आणि सात-आठ दिवसांनी मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणे चांगले. दाणे मांडायला मोठ्या माणसांपेक्षा पोरांनाच हौस फार. ती मोजतात गोरबोलीत : एक, दी, तीन, चार. शंभरापर्यंत एकही चूक नाही. मग मला वाटायचे, एवढ्या हुशार पोरांबद्दल शाळेतून 'वाचनात कच्चा' असा शेरा का येतो?

एका तांड्यावर दुसरीतल्या एका मुलाकडून मी पाठ वाचून घेतला. पावसाचा पाठ होता. पोराने एका दमात वाचला, काना-मात्रा कुठे सुटली नाही. मी विचारले, "मग काय झाले रे पुढे?" त्याने पुन्हा तेच वाक्य वाचून दाखवले. दुसऱ्यांदा विचारले, तिसऱ्यांदाही तेच. शेजारी खाटेवर त्याचा आजा बसला होता. त्याने पुस्तकातली हकीकत माझ्याकडून मराठीत समजून घेतली आणि नातवाला गोरबोलीत सांगितली. तसे पोरगे खुदकन हसले आणि आजाला उलट प्रश्न विचारू लागले, ती म्हातारी भिजली कशी, तिच्याकडे घोंगडी नव्हती काय? म्हणजे पोराचे डोळे चालत होते, तोंड चालत होते, पण दोघांच्या मधला धागा तुटलेला होता. याला वाचन म्हणायचे की अक्षरांची झडती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी त्याला वाचन म्हणत नाही.

आता हे केवळ तांड्यापुरते आहे असे कोणी समजू नये. आपण सगळेच 'अ अननसाचा' म्हणत लहानाचे मोठे झालो. अननस आमच्या वाशिम भागात कोणाच्या वावरात उभा पाहिला आहे? त्या तक्त्यातला 'औ औताचा' तेवढा आपल्या ओळखीचा, आणि तो बिचारा स्वरांच्या अगदी शेपटाला. शेतकऱ्याच्या पोराला औत आधी दिसते, अननस बाजारात क्वचित दिसतो. पण तक्ता छापणाऱ्याला औत कुठून दिसणार!

वऱ्हाडी घरातल्या मुलांचीही एक वेगळीच तऱ्हा होते. आपल्याकडे 'डोळा' म्हणताना 'डोया' म्हणतात आणि 'पाणी' म्हणताना 'पानी'. पुस्तकात 'डोळा' छापलेले असते, पोरगे ते पाहून 'डोया' वाचते आणि गुरुजी म्हणतात, चूक. मला विचाराल तर त्या पोराने उत्तम वाचले. अक्षर पाहिले, शब्द ओळखला, अर्थ लागला आणि तो आपल्या घरच्या उच्चारात बाहेर काढला. 'ळ' चा उच्चार सुधारणे हे निराळे काम आहे, ते सावकाश करता येते. उलट तांड्यातल्या मुलाच्या तोंडात 'ळ' आणि 'ण' दोन्ही ठसठशीत असतात. ते काळ्या बैलाला 'काळो' म्हणेल आणि पाण्याला 'पाणी'. उच्चाराच्या बाबतीत प्रमाण मराठीला तांडा कधीकधी गावापेक्षा जवळचा पडतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

२०२५ साली आपल्या राज्यात पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही यावर मोठे रण माजले आणि २९ जून २०२५ रोजी सरकारने ते आदेश मागे घेतले. त्या वादात दोन्ही बाजूंनी भाषा मोजल्या जात होत्या : मराठी पहिली, इंग्रजी दुसरी, हिंदी तिसरी. तांड्यातल्या पोराची मोजणी मात्र माझ्या कानावर आली नाही. त्याची पहिली भाषा गोरबोली. मराठी त्याची दुसरी. इंग्रजी, जी महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच आहे, ती तिसरी. म्हणजे ज्या ओझ्यावरून शहरात वाद झाला, ते ओझे हे पोर आधीपासून वाहते आहे, आणि त्याची पहिली भाषा तर हिशेबातच धरलेली नाही.

याच भागातल्या दुसऱ्या एका तांड्यावर पहिलीच्या वर्गाला एक बाई आहेत. त्या स्वतः मराठी घरातल्या. गोरबोली त्या तांड्यावर नोकरीला आल्यावर शिकल्या, तीही पोरांकडूनच. त्यांचा वर्ग मी तीन-चार वेळा, माझे काम आटोपल्यावर, मागे बसून पाहिला. तो सविस्तर सांगतो, कारण घरी करून पाहण्याजोगे त्यात पुष्कळ आहे.

पहिले काही आठवडे त्या अक्षर काढतच नाहीत. पोरांनी बोलायचे, तेही गोरबोलीत. काल काय झाले, कोणाची शेळी व्याली, कोणाच्या घरी पाहुणे आले. बाई त्यातले एखादे वाक्य मराठीत परत म्हणतात, पण पोराची बोली दुरुस्त करत नाहीत. मग एक दिवस फळ्यावर तीन शब्द येतात : याडी, बाटी, पाणी. याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकर. पाणी तर पाणीच. तांड्यात असे एकही मूल नाही की ज्याला हे तीन शब्द ठाऊक नाहीत. बाई प्रत्येक शब्द सावकाश उच्चारतात, पोरे टाळ्या वाजवून त्याचे तुकडे करतात : या-डी, बा-टी, पा-णी. कोणता तुकडा आधी, कोणता मागून, हे कानाने ओळखायचे. मग एकेक अक्षर सुटे होते.

आता बारकाई पहा. या तीन शब्दांत य, ड, ब, ट, प, ण अशी सहा अक्षरे आहेत, आणि काना व दुसरी वेलांटी या दोनच खुणा आहेत. एवढ्या भांडवलावर मुलाला आणखी किती शब्द वाचता येतील? पाटी, डबा, पाय, बाण, बाप, पाट. हे सगळे मराठी शब्द आहेत. पाटी आणि डबा शाळेतले, पाय स्वतःचा, पाट वावरातला. म्हणजे गोरबोलीच्या तीन शब्दांनी मराठीच्या सहा शब्दांचे दार उघडले. लिपी एकच असल्याचा हा फायदा आहे. अक्षर एकदा कळले की ते भाषा विचारत बसत नाही. बाराखडी पाठ होईपर्यंत शब्दाला हात लावायचा नाही, अशी जी जुनी रीत आहे तिच्यात हेच सुख मिळत नाही. मूल महिनोन् महिने 'क का कि की' घोकते आणि वाचायला काही मिळत नाही. नुसती नांगरट चालली आहे, पेरणी कधी होणार ते कोणी सांगत नाही, असे ते असते.

मग छोटे वाक्य : याडी बाटी करच. आई भाकरी करते. क आणि र आणि च ही नवी अक्षरे आली. पोरांनी चित्र काढले, खाली हे वाक्य लिहिले. तेच चित्र दुसऱ्या बाजूला काढून त्याखाली मराठी वाक्य. बाईंनी खर्डावर दोन रंगांत अशी कितीतरी पाने करून भिंतीला लावली आहेत. गोरबोली तांबड्या रंगात, मराठी निळ्या रंगात. दिवाळीपर्यंत तांबडी पाने जास्त, संक्रांतीनंतर निळी. दुसरीत गेल्यावर मुले मराठी पुस्तक वाचतात आणि अडले तर गोरबोलीत विचारतात. विचारतात, हे महत्त्वाचे. पहिल्या तांड्यावरचे ते पोर विचारत नव्हते.

कारंजा-मंगरूळपीर भागातल्या संत्रा बागायतदाराला ही गोष्ट एका वाक्यात समजेल. आपण संत्र्याचे झाड बियांपासून लावत नाही. जंबेरीचा खुंट आधी जमिनीत पक्का होऊ देतो आणि मग त्यावर संत्र्याचा डोळा बांधतो. फळ संत्र्याचेच येते, पण अन्नपाणी शोधणारे मूळ जंबेरीचे. कोणी म्हणाला, मला संत्रीच हवी आहेत तर जंबेरीवर वेळ कशाला घालवू, तर त्याच्या हाती काय येईल? गोरबोली हा खुंट आहे. मराठीचा डोळा त्यावर बांधायचा आहे. अर्थात उपमा तिथेच थांबवली पाहिजे, कारण बागेत आपण खुंटावरची फूट काढून टाकतो. इथे ती काढायचे कारण नाही. दोन्ही वाढू द्यावे.

एवढे सगळे ऐकून तांड्यातल्या एका नायकाने मला जे विचारले ते योग्यच होते. तो म्हणाला, "साहेब, आमची बोली पोरं घरी फुकट शिकतात. शाळेत आम्ही मराठी शिकायला पाठवतो. तहसिलीत, बँकेत, दवाखान्यात गोरबोली कोण ऐकतो?" त्याचा मुलगा नागपूरला कॉलेजात भाषेमुळे खाली मान घालून बसला होता, हे तो विसरलेला नाही. असा माणूस गोरबोलीतल्या वाचनाला नाही म्हणतो तेव्हा तो आपल्या बोलीचा तिरस्कार करत नसतो, त्याला लेकराची काळजी असते. त्याला मी एवढेच सांगितले की, पोराला वाचायला एकदाच शिकावे लागते. ज्या भाषेतले शब्द त्याच्या कानात आहेत त्या भाषेत ते लवकर जमते. नंतर मराठी, इंग्रजी, काय वाटेल ते, वाचण्याची कला तीच राहते, नवे शब्द तेवढे भरायचे. मराठी सोडायची असे कोणीच म्हणत नाही. ती रोज कानावर पडलीच पाहिजे, गाण्यातून, गोष्टीतून, खेळातून. नायकाने मान हलवली, पण पटले असे तोंडाने म्हणाला नाही. पुढच्या खेपेला बाईंच्या वर्गाच्या खिडकीशी उभा राहून ऐकत होता, एवढे मी पाहिले.

बोलीला कागदावर जागा द्यायची की नाही, हा प्रश्न आमच्या वाशिमला नवा नाही. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली इथे विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट सापडला. चौथ्या शतकातला आहे. नांदेडच्या उत्तर भागातल्या एका गावाचे दान त्यात नोंदलेले आहे. या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष मजकूर प्राकृतात. बडेजावाची भाषा वेगळी आणि कामाची भाषा वेगळी. गावात कोणी काय घ्यायचे नाही, कोणावर कर नाही, हे समजले पाहिजे ना! पुढे तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपला उपदेश मराठीत केला. त्यांच्या मागे नागदेवाचार्यांनीही, पंथातल्या अडाणी म्हाताऱ्या वंचित राहतील म्हणून संस्कृतात लिहू पाहणाऱ्या विद्वान शिष्याला अडवले, ही हकीकत 'स्मृतिस्थळा'त आहे. हे सारे आपल्याच वऱ्हाडच्या परिसरातले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तिच्याही वाट्याला एके काळी तांड्याच्या बोलीचे दिवस आलेले होते.

शिक्षणाच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्रात या कामाची वाट ताराबाई मोडकांनी घातली. लग्नानंतर काही वर्षे त्या अमरावतीला होत्या, म्हणून वऱ्हाडला त्या थोड्या आपल्या वाटतात. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मुले वारली. ती शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज खेडोपाडी जी अंगणवाडी आहे तिची कल्पना तिथली. गुरे राखणारी पोरे अंगणातही सापडेनात, तेव्हा शाळा चराईच्या कुरणात भरवली, तिला नाव दिले कुरणशाळा. मुलाला शाळेजोगे करण्याआधी शाळा मुलाजोगी करायची, हे त्यामागचे धोरण. फलटणला मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारतीय झालेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मराठी वाचन शिकवण्याची पद्धत बसवली. तिच्यातही अक्षरे बाराखडीच्या क्रमाने न घेता थोडी थोडी गटाने घ्यायची आणि लगेच त्यांचे शब्द वाचायचे, असेच आहे. तांड्यावरच्या बाईंनी हे कोठून घेतले ते मी विचारले नाही. चांगले बियाणे हाताहाताने पसरतेच. गडचिरोली जिल्ह्यात तर धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच गोंडी भाषेतली शाळा सुरू केली.

पण नुसती मातृभाषा आणली की झाले, असेही नाही. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. तिकडे पूर्व केप प्रांतात खोसा भाषा बोलणारे लोक आहेत. नेल्सन मंडेला त्यांच्यातले. ही भाषा बोलताना मधूनच जिभेने टक्, टॉक् असे आवाज काढावे लागतात. आपण बैलाला हाकताना काढतो तसले. इंग्रजी अक्षरांतले सी, क्यू आणि एक्स त्या आवाजांसाठी वापरतात. पहिली तीन वर्षे मुले खोसातच शिकतात आणि चौथीत एकदम सगळे इंग्रजीत होत असे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत त्या देशातल्या चौथीच्या शंभरांतल्या एक्क्याऐंशी मुलांना वाचलेल्याचा अर्थ लागत नाही असे आढळले. म्हणजे मातृभाषा असूनही? कारणे शोधणाऱ्यांनी सांगितले त्यातली दोन मला फार पटली. एक, खोसा भाषेतले शब्द आपल्या संस्कृत समासासारखे लांबलचक जोडलेले असतात, आणि वाचन शिकवण्याच्या रीती मात्र इंग्रजीच्या आखूड शब्दांसाठी बनवलेल्या. अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला शिकवून तिथे भागत नाही, तुकडे पाडायला शिकवावे लागतात. दोन, खोसात मुलांनी वाचावीत अशी गोष्टींची पुस्तके फारच थोडी. मुलाला अक्षरे आली आणि वाचायला घरात काही नाही, तर ती अक्षरे किती दिवस टिकणार? म्हणून २०१२ पासून तिकडे नलिबली नावाची चळवळ वेगवेगळ्या देशी भाषांतल्या गोष्टी छापून घरोघरी पोचवते. आणि २०२५ पासून चौथीतही मातृभाषा इंग्रजीच्या जोडीला ठेवायला सुरुवात झाली आहे. एकदम तोडायचे नाही, जोडीने न्यायचे, हा शहाणपणा त्यांना अनुभवाने आला.

आपल्याकडे कायदा यात आडवा येत नाही. घटनेच्या ३५० अ कलमात प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी असे आहे, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे, २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही आहे. कागद भरपूर आहेत. वर्गात गोरबोलीची दहा पाने कोण लावतो, एवढाच प्रश्न राहतो.

आणि इथे शाळेबरोबर घरही आले. पुष्कळ आयाबाया म्हणतात, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार? अहो, तुमच्याकडे शब्द आहेत. शाळेला नेमके तेच कमी पडतात. रात्री आजीने गोष्ट सांगावी, सातवी-आठवीतल्या थोरल्या बहिणीने ती देवनागरीत जशीच्या तशी उतरवून घ्यावी. एका पानावर दोन किंवा तीन ओळी, अक्षर मोठे, खाली धाकट्याने चित्र काढावे. चाळीस पानी वहीत अशा आठ गोष्टी सहज बसतात. ती वही धाकट्याने आजीलाच वाचून दाखवावी. आजीला अक्षर कळत नाही, पण गोष्ट पाठ असते, तेव्हा पोराने कुठे थाप मारली तर तिला लगेच कळते. असली परीक्षक कोणत्या शाळेला मिळणार? ज्या घरी गोरबोली नाही, वऱ्हाडी आहे, त्यांनीही हेच करावे. 'वावर', 'पऱ्हाटी', 'सांबार' असेच लिहावे. 'शेत', 'कपाशी', 'कोथिंबीर' पुस्तकात भेटतीलच.

घरात छापील मजकूर नसतो असे आपण म्हणतो, तेही तितके खरे नाही. बियाण्याच्या पिशवीवर 'महाबीज' छापलेले असते, खताच्या गोणीवर मजकूर असतो, एस. टी.च्या कपाळावर 'मानोरा' असते. बाईंच्या वर्गात रिकाम्या पिशव्यांचे कापलेले तुकडे दोरीला टांगलेले आहेत आणि पोरे त्यात ओळखीचे अक्षर शोधतात. मात्र एक सूचना आमच्या खात्यातर्फे : कीटकनाशकाचे डबे, बाटल्या आणि बीजप्रक्रियेची पाकिटे यासाठी मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. रिकाम्या दिसल्या तरी त्या रिकाम्या नसतात.

सगळ्यात अवघड काळ दिवाळीनंतरचा. सोयाबीन निघाले की तांड्यातली कित्येक घरे कुलूप लावून ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईकडे बांधकामावर जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय सरकारने ठेवली आहे. पण पहिलीतले पोर आईला सोडून राहत नाही, ते उसाच्या फडात जाते. तिथे शाळा सापडली तरी ती त्याला नवी, मुकादमाची बोली नवी. पाडव्यापर्यंत अक्षरे बुजतात. बाई यासाठी एक करतात. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याची स्वतःची गोष्टीची वही बरोबर देतात आणि आईला सांगतात, रोज संध्याकाळी बाटी भाजताना एक पान ऐकायचे, दुसरे काही नको. गेल्या खेपेला मी तिथे होतो तेव्हा एक ट्रक भरत होता. भांडी, पांघरुणे, शेळी, कोंबड्यांची पाटी. एका बाईने खताची रिकामी प्लॅस्टिक गोणी धुऊन वाळवलेली होती. तिच्या आतल्या कोऱ्या बाजूत वही गुंडाळली, सुतळीने बांधली आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, पिठाच्या वर ठेवली. डबा रोज उघडावाच लागतो, म्हणाली.